माहितीपट कुणाला दाखवायचा, हे आधी ठरवा

पेडणे तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावातून एका तरुणीने प्रश्न विचारला आहे. ती पणजीत पत्रकारिता शिकली, सध्या लग्नांचं चित्रीकरण करते, कॅमेरा तिचा स्वतःचा आहे. ती लिहिते: "आमच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटून तीन पावसाळे झाले. शेतात खारं पाणी भरतं, खारफुटी उगवली आहे. आजीने कोरगुट भाताचं बियाणं अजून जपून ठेवलंय, पण पेरायला जमीन राहिली नाही. मला यावर माहितीपट करायचा आहे. तो इफ्फी चित्रपट महोत्सवाला पाठवता येईल का? आणि खरं सांगा, फिल्म करून बांध बांधला जातो का?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मी पंचवीस वर्षं गोव्यात माहितीपट करते आहे आणि माझ्या एकाही फिल्मने स्वतःहून काही बांधलेलं नाही की थांबवलेलं नाही. जे काही घडलं ते फिल्म संपून दिवे लागल्यावर घडलं. त्या वेळी तिथे कोण बसलं होतं, आणि ती माणसं एकमेकांशी काय बोलली, त्यावर सगळं ठरलं. म्हणून हल्ली कोणताही विषय हातात घेतला की मी पहिल्यांदा हेच विचारते: ही फिल्म संपेल तेव्हा समोर कोण बसलेलं असायला हवं, आणि त्यांच्या हातात कोणता निर्णय आहे? याचं उत्तर सापडेपर्यंत मी कॅमेरा बॅगेतून काढत नाही.

ही शिस्त मला एका चुकीने लावली. २००० नंतरची ती वर्षं. चीनमधून खनिजाची मागणी वाढली होती आणि डिचोली, सत्तरी, सांगेच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागत होत्या. माझ्या माहेरच्या बाजूच्या एका गावात खाणीच्या डंपची, म्हणजे उकरून टाकलेल्या ढिगाची, माती दर पावसात शेतात उतरायची. मी तिथे दोन पावसाळे चित्रीकरण केलं. लाल चिखलात उभं भात, लाल ओहोळ, गुडघ्यापर्यंत लाल झालेले बायकांचे पाय. फिल्म दिल्लीत आणि मुंबईत दाखवली गेली, तिचं कौतुक झालं, एक तुकडा इथल्या केबलवरच्या बातम्यांतही लागला. गावात दाखवायला मात्र मला दीड वर्ष लागलं. त्या रात्री एक म्हातारी उठून उभी राहिली. फिल्मच्या पहिल्या दृश्यात तिचंच शेत होतं. ती म्हणाली, "बाय, तू माझं लाल भात सगळ्यांना दाखवलंस. आता बुधवारच्या बाजारात माझे उकडे तांदूळ कोण घेणार?" खरोखरच गिऱ्हाईक तिला आधी गाव विचारू लागलं होतं. खाणवाल्यांचं माझ्या फिल्मने काही बिघडलं नाही. जिच्यासाठी मी ती केली असं मी सगळीकडे सांगत होते, तिचं मात्र बिघडलं.

पुढे २०१२ च्या सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. त्यामागे याचिका होत्या, लीजचे कागद वर्षानुवर्षं चाळणारी माणसं होती, नकाशे होते. माझ्या फिल्मचा त्यात काही वाटा नव्हता, आणि मी तसा दावा कधी केला नाही. पण तेव्हापासून फिल्म आणि कागद या दोघांची गाठ कशी घालायची, हा माझा अभ्यासाचा विषय झाला. २०२० मध्ये मोल्याच्या अभयारण्यातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांविरुद्ध लोक उभे राहिले तेव्हा ही गाठ चांगली बसलेली मी पाहिली. लॉकडाऊनचे दिवस होते, सभा घेता येत नव्हती. तरुणांनी चित्रं काढली, छोटे व्हिडिओ केले, फोनवरून ते घराघरात गेले. त्यामुळे मोलं कधी न पाहिलेल्या माणसालाही ते जंगल आपलं वाटू लागलं. पण २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, ती न्यायालयाला वनांच्या बाबतीत सल्ला देणाऱ्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या अहवालाच्या आधारावर. व्हिडिओंनी माणसं जमवली आणि कागदाने मंजुरी उलथवली. तुम्हाला दोन्हींची तयारी एकाच वेळी करावी लागेल.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या गावाला थेट लागू पडते. १९६७ साली, आपल्याकडे जनमत कौल झाला त्याच वर्षी, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो नावाच्या बेटावर तिथल्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा दिग्दर्शक कॉलिन लो कॅमेरा घेऊन गेला. बेटावरची मासेमारी खालावली होती आणि सरकारला लोकांना तिथून हलवायचं होतं. लोने एक मोठी फिल्म केली नाही. २७ छोट्या फिल्म केल्या, प्रत्येकीत एखादा माणूस किंवा एखादा प्रसंग. ज्याला चित्रित केलं त्याला ते आधी दाखवलं जायचं, आणि त्याने हो म्हटल्यावरच इतरांना. मग त्या फिल्म बेटावरच्या एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत फिरल्या. एकमेकांशी फारसं न बोलणाऱ्या वस्त्यांना कळलं की आपलं दुखणं एकच आहे. नंतर त्या राजधानीत मंत्र्यांना दाखवल्या आणि मंत्र्याचं उत्तरही चित्रित करून बेटावर आणलं. लोकांनी मच्छीमारांची सहकारी संस्था काढली आणि बेट सोडलं नाही. यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती फिल्मची वाट: आधी शेजाऱ्याकडे, मग सरकारकडे, मग परत गावात. आपण बहुतेक जण ती उलट्या बाजूने चालतो आणि गावापर्यंत पोचता पोचता थकतो.

आता तुमच्या खाजनाकडे येऊ.

खाजन तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे, तरी फिल्म करणाऱ्याच्या नजरेने ते पुन्हा पाहा. गोव्यात सतरा-अठरा हजार हेक्टर खाजन जमीन सांगितली जाते. ही सगळी खाडीकाठची जमीन आपल्या पूर्वजांनी माती, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध घालून भरतीच्या पाण्याकडून मागून घेतली. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी मोरी. तिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. आत पोंय, म्हणजे पाणी साठणारा खोलगट भाग, पोंयीच्या कडेने शेत. पावसाने माती धुतली की खारटपणा सोसणारं कोरगुट पेरायचं, कापणीनंतर मासे, उन्हाळ्यात कुठे मिठागर. पण शेतकऱ्याला दारं घट्ट मिटलेली हवी असतात आणि मानशीची पावणी, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव, घेणाऱ्याला भरतीबरोबर आत येणारे मासे हवे असतात. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की मासे वाढतात, खारं पाणीही वाढतं. बांध फुटण्याची सुरुवात पुष्कळदा इथेच होते, आणि फुटलेला बांध काही लोकांच्या सोयीचा असतो. पडीक दिसणाऱ्या जमिनीवर दलालाचीही नजर जाते. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहत असाल.

म्हणजे तुमच्या फिल्मसमोर बसायला हवेत ते हे लोक: ज्यांची जमीन बुडाली ती कुळं, कुळांच्या टेनंट असोसिएशनचे पदाधिकारी, मानशीची पावणी घेतलेला माणूस, पंचायतीचे पंच, मामलेदार कचेरीतला संबंधित अधिकारी आणि कृषी खात्याच्या मृद्संधारण विभागाचा अभियंता. पूर्वी गांवकारी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, बांध सांभाळायची. कुळकायद्यानंतर ती जबाबदारी कुळांवर एकत्रितपणे आली. १९७५ च्या नियमांनी त्यासाठी असोसिएशन आल्या आणि त्यांच्यावर मामलेदाराची देखरेख आली. बांध का दुरुस्त होत नाही, या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा या असोसिएशनच्या हिशोबाच्या वहीत असतं. पावणीचे पैसे आले किती, बांधावर खर्च झाले किती, शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली. ही वही कॅमेऱ्यासमोर उघडली गेली तर तुमची फिल्म अर्धी झाली असं समजा.

मी स्वतः एका खाजनावर फिल्म केली आहे, तिसवाडीत. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथलं भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच बुडालेल्या शेताकडे आणि रडणाऱ्या शेतकऱ्याकडे वळले होते. मग एका सहकाऱ्याने विचारलं, पावणीवाला कुठे आहे यात? मी त्याच्याकडे गेले. पहिल्या दोन भेटींत तो बोलला नाही. तिसऱ्या वेळी रात्री ओहोटीला मानशीवर जाळं लावताना त्याने मला सोबत येऊ दिलं. तिथे कळलं की पावणीची रक्कम दरवर्षी चढत गेली होती, ती भरून काढायला दार जास्त उघडं ठेवल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं, आणि ती रक्कम चढवणाऱ्यांत बांधासाठी ओरडणारे काही शेतकरीच होते, कारण त्या पैशांतून त्यांना वाटा मिळायचा. एका वाक्यात सांगायचं तर दोष एकाच माणसाचा आहे असं दाखवणारी माझी फिल्म त्या रात्री मोडली, आणि ते बरं झालं. ती तशीच राहिली असती तर पावणीवाला आणि त्याचे भाऊबंद सभेला आलेच नसते आणि बाकीच्यांनी घरी जाऊन त्याला शिव्या दिल्या असत्या. बांध तसाच राहिला असता.

ती फिल्म आम्ही तीन वेळा दाखवली. पहिल्यांदा फक्त फिल्ममधल्या माणसांना, एका घराच्या ओसरीवर, लॅपटॉपवर. तिथे तीन गोष्टी बदलायला सांगितल्या गेल्या आणि मी बदलल्या. दुसऱ्यांदा पावणीवाला आणि असोसिएशनची माणसं, दोन्ही बाजू एकत्र, पण गाव नाही. त्या रात्री आवाज चढले, एक जण उठून गेला. तिसऱ्यांदा सगळा गाव. तेव्हा दोन्ही बाजूंना माहीत होतं की फिल्ममध्ये काय आहे, त्यामुळे कुणाला आपली फजिती झाली असं वाटलं नाही. फिल्म २२ मिनिटांची होती. संपल्यावर माईक मी हातात घेतला नाही, गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे दिला. एक तरुण समोरच्या फळ्यावर मुद्दे लिहीत होता. त्या रात्री असोसिएशनचा हिशोब सगळ्यांसमोर वाचायचा असं ठरलं, आणि पुढच्या ग्रामसभेत तो वाचला गेला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. त्या हिशोबावर आणि मृद्संधारण विभागाच्या मदतीवर पुढच्या कोरड्या हंगामात बांध झाला. तो दोन पावसाळे नीट टिकला. तिसऱ्या पावसात एका उधाणाला काही मीटर पुन्हा गेला, पण या वेळी गावाने आठ दिवसांत बुजवला. मी तेव्हा तिथे नव्हते, फोनवर फोटो आला.

चित्रीकरणाबद्दल थोडक्यात. चित्रीकरणाचं वेळापत्रक तिथीवर लावा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला फुटलेल्या जागेतून पाणी कसं घुसतं ते दिसतं, अष्टमीच्या आसपास तीच जागा निवांत दिसते. दोन्ही घ्या, एकाच ठिकाणी कॅमेरा लावून. रात्रीची ओहोटी चुकवू नका, मानशीवरची मासेमारी तेव्हाच असते. वर्षभर चित्रीकरण करा. पेरणीचे दिवस गेले की पुढच्या वर्षापर्यंत ते परत येत नाहीत, आणि जे शेत पेरलंच जात नाही ते पेरणीच्या दिवसांतच सगळ्यात जास्त बोलतं. आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. गावात पडदा म्हणून चादर चालते, पण बोलणं नीट ऐकू आलं नाही तर दहाव्या मिनिटाला माणसं आपसात बोलू लागतात. खाडीकाठी वारा सतत असतो, म्हणून माईकला केसाळ आवरण हवंच. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, डबा हवाबंद ठेवा, आत सिलिका जेल ठेवा. प्रत्येक दिवसाचं चित्रीकरण दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. ड्रोन वापरायचा मोह होईल, कारण फुटलेला बांध वरून फार स्पष्ट दिसतो. मोपा जवळ असल्याने आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा पाहा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. नाहीतर जुनी उपग्रह छायाचित्रं वापरा. दहा वर्षांपूर्वीचं शेत आणि आजची खारफुटी, एवढी दोन चित्रं शेजारी ठेवली तरी अभियंत्याला पुरेशी असतात.

आणि ही खारफुटी तुमच्यासाठी नुसतं दृश्य नाही. बांध फुटून शेतात ती एकदा माजली की कायद्याने तिला संरक्षण मिळतं आणि शेतकऱ्याला आपलीच जमीन मोकळी करता येत नाही. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळा उल्लेख आहे: खाजन जपावं, त्याचा व्यवस्थापन आराखडा करावा, तिथे विकासकामं होऊ नयेत. तोच उल्लेख तिथल्या खारफुटीलाही जपायला सांगतो. म्हणून उशीर हीच इथली मोठी हानी आहे, आणि तुमच्या फिल्मने सगळ्यात आधी हे सांगावं. तीन पावसाळे झाले म्हणता, तर अजून वेळ आहे. सात-आठ झाले की प्रश्नाचं रूपच बदलतं.

कागद गोळा करताना लाजू नका. जमिनीच्या नोंदीचे, म्हणजे एक-चौदाचे, उतारे काढा, म्हणजे कुणाचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते दिसेल. पावणीच्या रकमा, बांधाच्या दुरुस्तीची अंदाजपत्रकं, असोसिएशनच्या सभांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागा. फिल्ममध्ये एखादा माणूस जे सांगतो त्याला कागदाचा आधार असेल तरच ते ठेवा. नसेल तर त्या माणसालाच सांगा की एवढं वाक्य मी काढते आहे, आणि का. गावात खोटं एक वाक्य निघालं की बाकीच्या वीस मिनिटांवर पाणी पडतं.

संमतीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे आपण नकळत लोकांना दुखावतो. सही घेतली म्हणजे संमती मिळाली असं नाही. कॅमेऱ्यासमोर बोलणारी बाई कुणाच्या भाटात, म्हणजे कुणाच्या मालकीच्या बागायतीत, राहते, तिचं घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, आहे का, तिचा मुलगा कुणाकडे कामाला आहे, हे विचारल्याशिवाय तिचं बोलणं वापरू नका. मुंडकारांना घरातून काढू नये म्हणून आपल्याकडे १९७५ सालापासून कायदा आहे. तरी कायदा पुस्तकात असतो आणि भाटकार, म्हणजे जमीनमालक, शेजारी असतो. माझ्या त्याच तिसवाडीच्या फिल्ममध्ये एका बाईने सगळ्यात धीटपणे सांगितलं होतं की मानशीचं दार रात्री कोण उघडतं. तिचं वाक्य फिल्मचा कणा होतं. ओसरीवरच्या पहिल्या प्रदर्शनानंतर ती दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, "माझं घर त्यांच्या जमिनीत आहे." मी ते वाक्य काढलं. फिल्म थोडी लंगडी झाली. आजही मला वाटतं की तेच बरोबर होतं, आणि तिचं बोलणं मी दाखवलं असतं तर तिच्यासमोर मला कधी उभं राहता आलं नसतं. ती गोष्ट नंतर दुसऱ्या मार्गाने उघड झाली. मानशीवर सूचनाफलक लागला आणि दाराच्या किल्लीची नोंदवही आली.

दाखवायची जागा निवडताना असाच विचार करा. आपल्याकडे मनात पहिली येते ती देवळासमोरची जागा, कारण भजन, नाटक, काला सगळं तिथेच होतं. पण त्या जागेत कोण मोकळेपणाने बसतं आणि कोण कडेला उभं राहतं, हे आधी पाहा. खाजनात राबलेली पुष्कळ माणसं त्या मांडवात मागे बसतात. त्या दिवशी तरी त्यांना पुढे बसता आलं पाहिजे. शाळेचं मैदान, पंचायतीचं सभागृह, नाहीतर सरळ बांधाजवळची मोकळी जागा चालेल. आम्ही एकदा मिठागराच्या कडेला पडदा लावला होता. डास चावले, तरी कुणी उठलं नाही. वीज जाईल असं धरून चालायचं, इन्व्हर्टर सोबत ठेवायचा. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून दिवेलागणीनंतर लगेच सुरू करा, म्हणजे बोलायला दीड तास उरतो. बोलणं फिल्मइतकंच महत्त्वाचं आहे, त्याला वेळ राखून ठेवा. ग्रामसभेच्या दोन आठवडे आधीची तारीख धरा, म्हणजे रात्रीचं बोलणं थंड व्हायच्या आत ठरावाचा मसुदा पंचायतीत पोचतो. आणि पंचायत निवडणुकीच्या काळात दाखवू नका. तुमची फिल्म कुणाच्या तरी प्रचाराला जोडली जाईल आणि दुसरी बाजू पुन्हा समोर बसणार नाही. त्याच कारणाने उमेदवाराचे, पावणीवाल्याचे किंवा जमिनीत व्यवहार करणाऱ्याचे पैसे घेऊ नका. सुरुवातीला दोन माणसं आणि तुमचा कॅमेरा एवढं पुरेसं आहे.

कायद्याचं एक लक्षात असू द्या. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, माहितीपटालाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या माहितीपटाला लागलेल्या कात्रीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. १९७० साली न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवलं. ओसरीवरच्या पंधरा माणसांचा प्रश्न वेगळा. मैदानावर गाव जमवणार असाल, तर प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत करा, म्हणजे फिल्म आवडली नाही अशा कुणाला ती बंद पाडायला हे कारण मिळणार नाही.

भाषेची काळजी तुम्ही विचारलेली नाही, पण तुम्हाला ती पडेल. आपल्या भागात आरती, भजन, नाटक मराठीतून आणि घरातलं, शेतातलं बोलणं कोंकणीतून. माणसाला कॅमेरा दिसला की तो नाटकातली मराठी बोलू लागतो. त्याला थांबवू नका, पण तो जाळं ओढत असेल, बांधावरून चालत असेल तेव्हा बोलतं करा, मग घरची भाषा आपोआप येते. पोंय, मानस, पावणी, कोरगुट हे शब्द जसेच्या तसे ठेवा, खालच्या ओळीत समजावून द्या. निवेदन ठेवायचंच असेल तर ते तुमच्या आवाजात ठेवा. तुम्ही त्या गावच्या आहात, बुडालेल्या शेतात तुमच्या घरचं शेत आहे. ते लपवू नका, पहिल्या मिनिटात सांगा. मग विरुद्ध बाजूलाही तुमच्याशी बोलताना आपण कुणाशी बोलतो आहोत हे माहीत असतं.

इफ्फी २००४ पासून आपल्याकडे पणजीत भरतो, तिथे आपली फिल्म दिसावी ही इच्छा स्वाभाविक आहे. नक्की पाठवा, पण गावात दाखवून झाल्यावर. महोत्सवासाठी वेगळी आवृत्ती करा, तिथे अनोळखी प्रेक्षकाला खाजन म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. गावाच्या आवृत्तीत ते सांगत बसलात तर लोक कंटाळतात, त्यांना ते तुमच्याहून जास्त माहीत आहे. अधिकाऱ्यांसाठी चार मिनिटांची तिसरी आवृत्ती लागेल: फुटलेली जागा, किती मीटर, किती शेत बुडालं, गावाने कोणता ठराव केला. ती पेन ड्राइव्हवर घालून ठरावाच्या प्रतीला जोडा. खरं सांगते, माझ्या सगळ्या कामात जास्तीत जास्त परिणाम या चार मिनिटांच्या तुकड्यांनी केला आहे, आणि त्यांना कधी कुठे बक्षीस मिळालं नाही.

आता लगेच करायचं काम. येत्या उधाणाला फुटलेल्या बांधावर जा, कॅमेरा घरीच ठेवा. पाणी कुठून येतं, तिथे कोण कोण येतं, कोण कुणाशी बोलत नाही, हे वहीत लिहा. दोन-तीन उधाणं अशीच जाऊ द्या. आजीच्या बाबतीत मात्र थांबू नका, तिला या आठवड्यातच रेकॉर्ड करा. कोरगुट कधी पेरायचे, बियाणं कसं निवडायचे, मानशीवर पूर्वी कुणाची पाळी असायची, बांध बुजवायला गावातून माणसं कशी निघायची, सगळं तिच्याच शब्दांत. आणि ते बियाणं किती वर्षांचं आहे ते विचारा. आपल्या दमट हवेत भाताचं बियाणं दोन-तीन वर्षांनंतर उगवेल याचा भरवसा नसतो. बांध व्हायच्या आधीच ते मरायला नको. मूठभर बियाणं ओल्या फडक्यात ठेवून उगवतं का पाहा. थोडंही जिवंत असेल तर यंदाच्या पावसात वरच्या बाजूला जिथे खारं पाणी पोचत नाही अशा एखाद्या वाफ्यात पेरा, नवं बी तयार होईल. जुन्या गोव्यात एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत कोरगुटावर काम झालेलं आहे, तिथेही विचारा. तो वाफा पेरताना आजीसोबत कोण कोण येतं ते पाहा, आणि त्या दिवशी कॅमेरा घेऊन जा.